चर्चपासून निघणारी वर्तुळाकार पायी फेरी

इंग्लंडच्या ग्रामीण भागात गावातील जुन्या चर्चपासून निघून शेते, कुरणे आणि रानांतील पायवाटांनी फिरत पुन्हा त्याच चर्चपाशी आणणारी फेरी. ती बहुधा अर्ध्या दिवसात पुरी होते. गेल्या वाटेने परतायचे नाही, एवढे पथ्य तिच्यात पाळतात.

चर्चचा मनोरा दुरून दिसतो, त्यामुळे खुणेला ते सोयीचे असते. पण फेरी तिथून निघण्याचे मूळ कारण वाटांच्या जन्मातच आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला मुलूख. त्यातल्या वाड्यावस्त्यांवरची माणसे प्रार्थनेला, बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि शेवटी मातीलाही तिथेच येत. दफनाचा अधिकार पुष्कळदा मुख्य चर्चपुरताच असे, म्हणून दूरच्या वस्त्यांवरून मृतदेह डोंगर ओलांडून खांद्यावर आणावा लागे. वायव्य इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात रायडलहून ग्रासमियरच्या सेंट ऑस्वल्ड चर्चकडे येणारी शववाट आज हौशी पदयात्रींच्या विशेष आवडीची आहे. चर्चच्या आवाराला छप्पर असलेले जे फाटक असते, त्याला लिचगेट म्हणतात. ‘लिच’ हा प्रेत या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द. शवपेटी तिथे टेकवून पाद्री येईपर्यंत लोक थांबत. अशा असंख्य खेपांनी मळलेल्या वाटा चाकाच्या आऱ्यांसारख्या चर्चकडे येतात. फेरी करणारा एका आरीने बाहेर पडतो आणि दुसरीने आत येतो, म्हणजे वर्तुळ नवे असले तरी वाटा जुन्याच असतात.

गोल फिरण्याची एक जुनी रीतही होती. ईस्टरनंतर, असेन्शनच्या म्हणजे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधीच्या दिवसांत पाद्री आणि गावकरी पॅरिशची शीव पायी फिरत आणि सीमेच्या दगडांवर, झाडांवर छड्या मारत. नकाशे दुर्मीळ असताना शीव माणसांच्या आठवणीतच जपावी लागे, म्हणून लहान मुलांना मुद्दाम बरोबर नेत. काही गावांत ही रीत अजून चालू आहे.

या फेऱ्यांना खरा आधार आहे तो वहिवाटीच्या हक्काचा. जमीन खासगी असली तरी तिच्यावरून जाणारी सार्वजनिक पायवाट मालकाला अडवता येत नाही. 1949 च्या कायद्याने अशा वाटांची अधिकृत नकाशांवर नोंद सुरू झाली. इंग्लंड आणि वेल्स मिळून त्यांची लांबी सुमारे 2,25,000 किलोमीटर भरते. शेतामधून जाणारी पायवाट पेरणीसाठी नांगरली, तर पहिल्या नांगरटीनंतर 14 दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. इतका बारीक विचार करणारा कायदा दुर्मीळच म्हणावा लागेल. पायवाटेची खूण पिवळा बाण, घोड्यावरूनही जाता येणाऱ्या वाटेची निळा. कुंपणे ओलांडायला स्टाइल नावाच्या पायऱ्या असतात. किसिंग गेट या झुलत्या फाटकातून माणूस जातो, गुरे अडतात. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या 1:25,000 प्रमाणाच्या नकाशावर या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात. मनोऱ्याचे चर्च काळ्या चौकोनावरील क्रुसाने ओळखावे, निमुळत्या शिखराचे काळ्या वर्तुळावरील क्रुसाने.

चर्च, वाटा आणि निसर्ग यांची सांगड पाहायची तर हँपशरमधील सेलबर्नला जावे. निसर्गाभ्यासक पाद्री गिल्बर्ट व्हाइट (1720–1793) यांचे हे गाव. त्यांची साधी कबर सेंट मेरी चर्चच्या आवारातच आहे. चर्चमागून उतरणारी वाट ओढ्याकडे आणि पुढे लिथ नावाच्या झाडीभरल्या उतारांवर जाते. गावाच्या दुसऱ्या अंगाला बीच वृक्षांनी झाकलेली हँगर ही टेकडी आहे. तिच्यावर चढणारी नागमोडी वाट व्हाइट यांनी भावाच्या मदतीने 1753 मध्ये खोदली. ती आजही वापरात आहे. चर्चसमोरच्या जुन्या यू वृक्षाचा घेर त्यांनी 23 फूट मोजला होता. जानेवारी 1990 च्या वादळात तो उन्मळून पडला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभा करून पाहिला, पण तो जगला नाही. त्याचा बुंधा चर्चच्या आवारात तसाच ठेवला आहे.