खाड्याची किंमत

ऊसतोडीच्या फडात दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. कोपीपुढे चूल पेटते, भाकरी थापून होतात, पोरं अजून झोपलेली असतात. उजाडेपर्यंत नवरा-बायको फडात. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. फडात संडास नसतो. आडोसा उसाचाच, आणि संध्याकाळपर्यंत तोही तोडून झालेला असतो. पाळीचं कापड धुवायला पुरेसं पाणी नाही, वाळत घालायला जागा नाही. तेच ओलसर कापड पुन्हा घ्यायचं.

या कामात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो आणि ती अंगावरून फिटेपर्यंत राबायचं. दोघांपैकी एकजण जरी बसून राहिलं, तरी तो खाडा. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड लागतो. २०१९च्या सुमारास दिवसाला पाचशे रुपये असा आकडा बाया सांगत होत्या. पोटात कळा येत असोत की ताप असो, खाडा तो खाडाच.

त्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं गर्भाशय काढून टाकणाऱ्या शस्त्रक्रियांचा प्रश्न ऐरणीवर आला. गावात याला सरळ 'पिशवी काढली' असं म्हणतात. सरकारने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण दर सहाजणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण देशात ३.२ टक्के आणि महाराष्ट्रात २.६ टक्के होतं.

इथे जरा थांबायला हवं. राष्ट्रीय पाहणीत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीही मोजल्या जातात. फडातल्या बाया लग्न झालेल्या, बहुतेक लेकुरवाळ्या, वयानेही थोड्या मोठ्या. वय वाढतं तसं या शस्त्रक्रियेचं प्रमाण सगळीकडेच वाढतं, त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून सरळ भागाकार करणं चूक ठरेल. पण वयाचा फरक धरूनही एवढी तफावत उरते की ती नुसत्या योगायोगाची म्हणता येत नाही. शिवाय राष्ट्रीय आकड्यांतही एक उतरंड आहे: शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त, शिकलेल्या बायकांपेक्षा कमी शिकलेल्यांत जास्त, आणि दर तीनमधल्या जवळपास दोन शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत. एरवी महागडे उपचार पैसेवाल्यांना मिळतात आणि गरिबाला मिळत नाहीत. इथे मोठी शस्त्रक्रिया मिळतेय ती गरीब बाईलाच.

तिला मिळत नाही ते साधं औषध. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीत जास्त जाणं या तक्रारींमागे बरेचदा जंतुसंसर्ग किंवा संप्रेरकांचा बिघाड असतो आणि तो गोळ्यांनी आटोक्यात येऊ शकतो. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं. तो अभ्यास १९८९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी कधीतरी अंतर्तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईकडे आरोग्यखात्याचं लक्ष जायचं ते मुख्यतः बाळंतपण आणि नसबंदीपुरतं. तिचं बाकीचं दुखणं कुणी विचारलंच नव्हतं.

आता फडातल्या बाईच्या जागी उभं राहून हिशेब करा. गोळ्यांचा कोर्स म्हणजे पुन्हा पुन्हा दवाखान्याच्या खेपा, प्रत्येक खेपेला खाडा, आणि परत त्याच ओल्या कापडाने तोच संसर्ग. 'पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल' असं डॉक्टरने म्हटलं की पोटात गोळा येतो. दोन-तीन लेकरं झालेली असतात. पिशवी काढली की पाळी संपली, खाडा संपला. मुकादमाने हात धरून दवाखान्यात नेण्याची गरजच उरत नाही. तिचा निर्णय अडाणीपणाचा मानणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. तिच्यापुढे ठेवलेल्या पर्यायांत तो हिशेबाने अचूक आहे. पर्यायच चुकीचे आहेत.

आपल्या वेळेवर आपला ताबा किती, याचा प्रकृतीशी थेट संबंध असतो, हे लंडनमधल्या सरकारी नोकरांच्या अभ्यासांतून पुढे आलं. 'व्हाइटहॉल' नावाने ओळखलेला पहिला अभ्यास १९६७मध्ये सुरू झाला. त्यातले लोक उपाशी नव्हते, सगळे पगारदार. तरी सगळ्यात खालच्या पदावरच्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सगळ्यात वरच्या साहेबांच्या तिपटीहून जास्त निघाले, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर धोका थोडा थोडा वाढत गेला. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांनी त्या फरकाचा काही भागच उलगडला. १९८५पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात संशोधक मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांना आणखी एक धागा सापडला: कामाचा वेग, क्रम, विसावा यांवर ज्यांचा ताबा कमी, त्यांना हृदयविकार जास्त. खालच्या पदावरच्या त्या कारकुनाला निदान आजारपणाची रजा होती.

पिशवी गेली म्हणजे पाळी गेली, एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. बरेचदा बीजकोशही (ओव्हरी) काढले जातात. हाडांची झीज आटोक्यात ठेवणारं इस्ट्रोजेन पाळी सुरू असेपर्यंत मुख्यतः तिथेच तयार होतं. ऐन तिशीत ते एकदम थांबलं तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगातून गरम वाफा निघतात, झोप उडते. बीजकोश ठेवले तरी त्यांचा रक्तपुरवठा कमी होऊन पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. आणि ही बाई पुढच्या हंगामात पुन्हा मोळी डोक्यावर घेऊन फळी चढते.

बीडमध्ये त्यानंतर खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. बिहार, राजस्थान आणि छत्तीसगडमध्ये गरज नसताना पिशवी काढल्याच्या तक्रारींवरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला. दोन्ही गोष्टी हव्याच होत्या. पण परवानगी नाकारली गेल्यावर ती बाई त्याच दुखण्यासह त्याच फडात जाते. तिथे पाणी, फिरता संडास आणि दंडाविना चार दिवसांची सुट्टी पोचली नाही, तर नाकारलेला कागद तिच्या काय कामाचा?

ज्या १३,८६१ जणी तेव्हा मोजल्या गेल्या, त्यांच्यापैकी कितीजणींचे बीजकोश शाबूत आहेत, हाडं किती झिजलीत, रक्तदाब किती आहे, हे आता बघायला हवं. हंगाम आटोपून टोळ्या गावी परततात, तेव्हा चैत्र-वैशाखात त्या घरीच असतात.