ईसीजी नॉर्मल आला, मग सुटलो का?

छातीवरचे चिमटे निघाले, कागद बाहेर आला, की आमच्या तपासणी केंद्रात पहिला प्रश्न ठरलेला: "नॉर्मल आहे ना?" याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

साधा ईसीजी हृदयातल्या विद्युत हालचालीची जेमतेम दहा सेकंदांची नोंद करतो. जिना चढताना छाती भरून येणाऱ्या आणि थांबलं की मोकळं वाटणाऱ्या माणसाचा, झोपवून काढलेला ईसीजी अगदी स्वच्छ येऊ शकतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांच्या अस्तरात चरबी साठून वाट अरुंद झालेली असते. बसल्या जागी रक्त पुरतं, चढावर पुरत नाही. हा अंजायना. तो पकडायला स्ट्रेस टेस्ट लागते, म्हणजे ट्रेडमिलचा वेग आणि चढ वाढवत ईसीजी पाहत राहायचं.

हार्ट अटॅकचं गणित वेगळं. चरबीचा थर अचानक फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि धमनी बंद पडते. थर फार जाड असावाच लागतो असंही नाही, म्हणून काल ठणठणीत असलेला माणूस आज कोसळतो. छातीवर दडपण, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ. मधुमेहींना आणि बायकांना कधी नुसता दम किंवा मळमळ. अशा वेळी कृपया आमच्याकडे येऊ नका. ॲम्ब्युलन्स बोलवा, थेट रुग्णालय गाठा. तिथे ट्रोपोनिनही, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन, तपासतात. ते रक्तात चढायला काही तास लागतात, म्हणून काही वेळाने पुन्हा रक्त घेतात.

इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर 'ईएफ ६० टक्के' वाचून "चाळीस टक्के हृदय गेलं" म्हणत रडणारे आम्ही पाहिले आहेत. तसं नसतं. डावा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती भाग बाहेर टाकतो, ते ईएफ सांगतो. निरोगी हृदयही सगळं रक्त टाकत नाही. साधारण ५५ ते ७० चांगला. ४० च्या खाली गेला तर मात्र हृदय अशक्त झालंय, औषधं लागतात. झडपांचे दोषही इकोतच दिसतात.

अधूनमधून धडधड होत असेल तर २४ तास अंगावर राहून ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र, म्हणजे होल्टर, बरं. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, सापडलं तर ते दुर्लक्षू नका. त्यात हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो.

कारणं ओळखीचीच: तंबाखू, मधुमेह, कोलेस्टेरॉल, घराण्यातला इतिहास. सगळ्यात फसवं बीपी, कारण ते दुखत नाही. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. मोजताना बोललात तरी आकडा चढतो.

फुगा घालून हृदयाची धमनी उघडण्याचा पहिला उपचार १९७७ साली झुरिकमध्ये ग्रुंट्झिग यांनी केला. आता सोबत स्टेंटही, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवतात. पण स्टेंट तेवढ्याच जागेची वाट मोकळी करतो. बाकी धमन्यांचं काम कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनसारख्या गोळ्यांवर. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

येताना जुने ईसीजी जरूर आणा. आजची पट्टी एकटी जे सांगत नाही, ते जुन्या पट्टीशेजारी ठेवल्यावर कळतं. तो कागद उष्णतेने उमटणारा असतो, काळाबरोबर पुसट होतो. घरी गेल्या गेल्या फोटो काढून ठेवा.