घरचे ब्रॉडबँड सतत तुटत असल्यास करावयाची तक्रार, अपील आणि ग्राहक आयोगाकडील अर्ज: सांगलीतील ग्राहकांसाठी माहिती

सांगली-मिरज परिसरात घरचे इंटरनेट बंद पडले की आपण पहिला फोन करतो तो ज्याने जोडणी करून दिली त्या मुलाला. तो "वरूनच प्रॉब्लेम आहे, तासाभरात येईल" असे सांगतो, बऱ्याचदा नेट खरोखर येतेही, आणि विषय तिथेच संपतो. मात्र हाच प्रकार दर दोन दिवसांनी होऊ लागला आणि महिन्याचे पैसे ठरल्या तारखेला बिनचूक जात राहिले, तर त्या फोनांचा कायद्याच्या दृष्टीने काहीही उपयोग होत नाही, कारण त्यांतील एकाही फोनची कंपनीच्या दप्तरी नोंद झालेली नसते. ग्राहकाची तक्रार सुरू होते ती कंपनीच्या तक्रार केंद्राकडून मिळालेल्या डॉकेट क्रमांकापासून, म्हणजे तक्रारीच्या नोंदणी क्रमांकापासून. कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचे असो वा जिल्हा ग्राहक आयोगाकडे, पहिल्यांदा विचारला जातो तो हाच क्रमांक.

तक्रार नेमकी कोणाविरुद्ध

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी केबल टीव्हीवालाच इंटरनेटही देतो. तो एखाद्या मोठ्या सेवापुरवठादाराचा स्थानिक भागीदार असतो, पैसे तो घेतो आणि पावती म्हणून व्हॉट्सॲपवर "रिसिव्हड" एवढा एक शब्द पाठवतो. त्यामुळे सर्वप्रथम रीतसर बिल मागून घ्यावे. बिलावर सेवापुरवठादाराचे पूर्ण नाव, जीएसटी क्रमांक, आपला ग्राहक क्रमांक, योजनेचे नाव आणि १८ टक्के कर वेगळा दाखवलेला असला पाहिजे. बिलावर ज्याचे नाव आहे तो मुख्य जाबदार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो पक्ष. पैसे स्वीकारणारा स्थानिक चालक वेगळा असेल, तर आयोगाकडे जाताना त्यालाही जाबदार करावे, नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि त्यात तारखा जातात.

कोण तक्रार करू शकतो

ज्याच्या नावावर जोडणी आहे तो तर करू शकतोच. पण ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार मोबदला देऊन सेवा घेणाऱ्याच्या संमतीने त्या सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही ग्राहक ठरते. म्हणजे जोडणी वडिलांच्या नावावर असून घरून काम करणारी मुलगी ती वापरत असेल, तर तीही तक्रारदार होऊ शकते. घरमालकाच्या नावावरील जोडणी त्याच्या संमतीने वापरणाऱ्या भाडेकरूलाही हेच लागू पडते. अशा वेळी संमतीचे साधे पत्र जोडल्यास पुढचा आक्षेप टळतो.

व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा मात्र या व्याख्येत बसत नाही. मार्केट यार्डातील हळदीच्या अडत पेढीने कार्यालयासाठी घेतलेली जोडणी आणि एखाद्या शिक्षिकेने पोटापाण्यासाठी घरातून ऑनलाइन शिकवणी घेण्याकरिता घेतलेली जोडणी यांत कायदा फरक करतो. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली सेवा व्यापारी मानली जात नाही, आणि घरून काम करणाऱ्याने हे वाक्य आपल्या तक्रारअर्जात स्पष्टपणे लिहावे. ते लिहिले नाही तर जाबदाराचा वकील पहिल्याच लेखी म्हणण्यात "तक्रारदार हे ग्राहक नाहीत" असा मुद्दा घेतो.

दोष आपल्या घरातला नाही, हे आधी तपासावे

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे. तक्रार केंद्राचे पहिले उत्तर "तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे" हे असते, आणि खरे सांगायचे तर बऱ्याच वेळा ते बरोबरही असते. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फारसा जात नाही, तर अपार्टमेंटमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या पंधरा-वीस राउटरांची गर्दी असते. म्हणून चाचणी वायफायवर घेऊ नये. राउटरला नेटवर्क केबलने संगणक जोडावा आणि एकाच वेळी दोन पिंग (जोडणी चालू आहे का हे तपासणारे छोटे संदेश) चालू ठेवावेत: एक राउटरच्या स्टिकरवर छापलेल्या पत्त्याकडे आणि दुसरा बाहेरच्या एखाद्या सर्व्हरकडे. पहिला अखंड चालू असताना दुसरा तुटत असेल, तर दोष संगणक ते राउटर या केबलमध्ये वा वायफायमध्ये नाही. दोन्ही तुटत असतील, तर आधी केबल, राउटर आणि त्याचा अडॅप्टर बदलून पाहावा. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होताना राउटर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि आपण त्याचा दोष कंपनीला देतो, हेही पाहण्यातले आहे.

फायबरची जोडणी असल्यास भिंतीवरच्या डब्याचे दिवे नीट पाहावेत. पॉन लिहिलेला हिरवा दिवा स्थिर असणे म्हणजे बाहेरून येणारा प्रकाश व्यवस्थित पोहोचत आहे, आणि एलओएस लिहिलेला लाल दिवा लागणे म्हणजे तो पोहोचत नाही. अनेक डब्यांच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता डीबीएम या एककात दिसते. जीपॉन या नेहमीच्या प्रकारच्या फायबर जोडणीत ती उणे ८ ते उणे २७ च्या दरम्यान असावी लागते. आकडा उणे २५ च्याही खाली घसरलेला असेल तर जोडणी काठावर आहे, आणि कपाटामागे काटकोनात दुमडलेली तार किंवा खांबावरचा कच्चा जोड तिला पलीकडे ढकलायला पुरतो.

विश्रामबागेतील आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात हेच चालले होते. लाइनमनने दोन वेळा राउटर बदलला आणि प्रत्येक वेळी "आता बघा काही होतंय का" म्हणून निघून गेला. मी एका वहीत तारीख, नेट गेल्याची वेळ, आल्याची वेळ, दिव्याचा रंग आणि बाहेरचे हवामान असे पाच रकाने आखले. चौदा दिवसांत तेवीस नोंदी झाल्या, त्यांतल्या एकोणीस पाऊस सुरू झाल्यापासून तासाभरातल्या होत्या आणि प्रत्येक वेळी लाल दिवा लागलेला होता. वहीची ती दोन पाने अपिलासोबत पाठवल्यावर चौथ्या दिवशी वेगळाच माणूस आला. त्याने विजेच्या खांबावरची जोडपेटी उघडली तेव्हा आतून पाणी आणि मुंग्यांची वारुळाएवढी माती निघाली. राउटरचा या सगळ्याशी काही संबंधच नव्हता.

वेगाविषयीची तक्रार आणि तुटण्याविषयीची तक्रार यांत गल्लत करू नये, असा माझा आग्रह आहे. योजनेच्या जाहिरातीत "१०० एमबीपीएसपर्यंत" असे लिहिलेले असते आणि त्या "पर्यंत"मध्ये बरेच काही मावते. ब्रॉडबँडच्या सरकारी व्याख्येत डाउनलोडचा किमान वेग पूर्वी ५१२ केबीपीएस होता आणि जानेवारी २०२३ पासून तो २ एमबीपीएस झाला, त्यामुळे मंद जोडणीसुद्धा कागदावर ब्रॉडबँडच राहते. शिवाय योजनेतील डेटाची मर्यादा संपल्यावर वेग कमी होत असेल तर तो दोष नसून अट असते. याउलट महिन्यात किती वेळा आणि किती तास सेवा पूर्ण बंद होती, हे मोजता येते आणि नाकारता येत नाही.

तक्रार केंद्र आणि अपील

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार कंपनीअंतर्गत दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे टोल फ्री क्रमांकाचे तक्रार केंद्र. तिथे फोन करून अथवा ॲपवरून तक्रार नोंदवल्यावर डॉकेट क्रमांक मिळालाच पाहिजे. तो एसएमएसने आला नाही तर फोन ठेवण्यापूर्वी मागून लिहून घ्यावा. नेट आपोआप परत आले की "समस्या सुटली" असा संदेश येऊन तक्रार बंद केली जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुटले तर नवीन क्रमांक घ्यावा, मात्र बोलताना आधीचे सर्व क्रमांक सांगावेत, म्हणजे हा एकच दोष वारंवार येत आहे हे नोंदीत राहते.

तक्रारीवर मिळालेले उत्तर पटले नाही किंवा मुदतीत उत्तरच आले नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करता येते. त्यासाठी शुल्क नाही. प्राधिकरणाचा पत्ता व ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर आणि ग्राहक सनदेत दिलेला असतो. ईमेलने अपील करणे सर्वांत सोयीचे, कारण तारखेचा पुरावा आपोआप तयार होतो. अपिलात ग्राहक क्रमांक, डॉकेट क्रमांक, दोषाचे स्वरूप, चाचणीचे निष्कर्ष आणि आपली मागणी एवढेच असावे. मागणी नेमकी लिहावी: दोष कायमचा दुरुस्त करणे, आणि सेवा बंद असलेल्या दिवसांचे भाडे बिलातून वजा करणे. अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत होणे अपेक्षित आहे.

अनेक जण थेट ट्रायला पत्र लिहितात. ट्राय वैयक्तिक तक्रारींवर निर्णय देत नाही, त्यामुळे त्या पत्रातून वेळ जाण्यापलीकडे फारसे काही होत नाही. त्याऐवजी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून तक्रार नोंदवावी. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण तिच्याकडून तक्रार गेल्यावर कंपनीच्या वरच्या पातळीवरचा माणूस फोन करतो.

जिल्हा ग्राहक आयोगाकडील अर्ज

दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतच नाहीत, असा समज २००९ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे बरीच वर्षे रूढ होता. २०१९ च्या अधिनियमाने सेवेच्या व्याख्येत दूरसंचाराचा स्पष्ट उल्लेख केला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ग्राहक आयोगाचे अधिकारक्षेत्र मान्य केले. कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत वा दिल्लीत असले तरी तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. तासगाव, विटा वा जतच्या ग्राहकाने सांगलीच्या आयोगाकडेच यावे. आयोगाकडे जाण्यापूर्वी कंपनीअंतर्गत अपील केलेच पाहिजे अशी कायदेशीर सक्ती नाही, पण केलेले असेल तर तक्रारदाराची बाजू निश्चितच भक्कम दिसते.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज द्यावा लागतो. उशीर झाल्यास कारणांसह विलंबमाफीचा स्वतंत्र अर्ज जोडावा. शुल्क सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क शून्य आहे, त्यामुळे घरगुती ब्रॉडबँडच्या कोणत्याही ग्राहकाला ते भरावे लागत नाही. वकील नेमणे बंधनकारक नाही.

कागदांपैकी ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, किमान सहा महिन्यांची बिले, पैसे भरल्याचा बँकेचा वा यूपीआयचा उतारा, योजना घेताना मिळालेला अर्ज किंवा संदेश, सर्व डॉकेट क्रमांकांचे एसएमएस, अपील व त्यावरील उत्तर, आणि दोषाची नोंदवही हे हाताशी असावे. कंपनीला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली असेल तर तिची प्रत व पोचपावतीही ठेवावी. नोटीस कायद्याने आवश्यक नाही, तरी ती पाठवण्याचा प्रघात आहे. मोबाइलवरचे स्क्रीनशॉट आणि दिव्यांचे फोटो छापून जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र सोबत द्यावे. या सर्वांना पृष्ठक्रमांक घालून वर कागदयादी लावावी आणि तक्रारअर्जाच्या पुष्ट्यर्थ शपथपत्र जोडावे. आयोगाच्या प्रतीखेरीज जितके जाबदार तितके जादा संच लागतात. हाच अर्ज ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येतो.

नुकसानभरपाईचा आकडा लिहिताना हात आवरता घ्यावा. सहाशे रुपयांच्या मासिक बिलावर मानसिक त्रासाचे पाच लाख मागणारा अर्ज स्वतःच स्वतःचे वजन कमी करतो. बंद दिवसांचे भाडे, पर्याय म्हणून घ्यावे लागलेले मोबाइल डेटाचे रिचार्ज, त्रासापोटी माफक रक्कम आणि अर्जाचा खर्च, अशी फोड करून मागणी लिहावी. ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ सारख्या पुरात सेवा बंद पडली, तर ते दिवस सेवेतील त्रुटी म्हणून मांडू नयेत. पाणी ओसरल्यानंतरही कित्येक आठवडे जोडणी दुरुस्त झाली नाही, तर तो काळ जरूर मांडावा.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे आयोग साधारणपणे २१ दिवसांत ठरवतो. नोटीस मिळाल्यावर जाबदाराला लेखी म्हणणे देण्यासाठी ३० दिवस असतात, आणि ती मुदत फार तर आणखी १५ दिवस वाढते. त्यानंतर पुरावा शपथपत्र व लेखी युक्तिवाद द्यायचा असतो. नवा पुरावा नसेल तर तशी पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली की पुरते. कायद्याने निकालासाठी नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांचे, आणि तांत्रिक तपासणी लागल्यास पाच महिन्यांचे उद्दिष्ट ठेवले आहे, पण प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागतो हे गृहीत धरूनच निघावे. पहिल्या एक-दोन तारखांना कंपनीचा प्रतिनिधी तडजोडीसाठी बाहेर व्हरांड्यात गाठण्याची शक्यता असते. तडजोड करायला हरकत नाही, मात्र ती लेखी घेऊन आयोगासमोर दाखल करावी आणि पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय तक्रार काढून घेत असल्याची पुरसीस देऊ नये.