डॉक्टर हू परत आली, मग जुने फॅन एवढे कुरकुरतात का? थोडी पार्श्वभूमी

डॉक्टर हू ही बीबीसीची जुनी सिरीयल, डॉक्टर नावाच्या परग्रहावरच्या कालप्रवाशाची, परत सुरू झाली त्याला वीस वर्षं होऊन गेली, म्हणजे जिला आपण नवी सिरीज म्हणतो तीसुद्धा आता जुनी झाली, तरी नव्या मंडळींचा एक प्रश्न हमखास येतो की बाबांनो तुमची लाडकी सिरीयल परत आलीये ना, मग प्रत्येक एपिसोड संपला की तुम्ही बोटं मोडत का बसता? प्रश्न रास्त आहे. मी स्वतः त्या बोटं मोडणाऱ्यांतलाच, त्यामुळे तटस्थ वगैरे असल्याचा आव आणत नाही. पण ही कुरकुर कुठून आली ते कळायचं तर सिरीयल बंद होती ती मधली सोळा वर्षं बघावी लागतात, आणि त्याच्याही आधीची सव्वीस.

पहिला एपिसोड लागला २३ नोव्हेंबर १९६३ ला, शनिवारी संध्याकाळी. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झालेली, लोकांचं लक्ष कुठं असणार, म्हणून पुढच्या शनिवारी तोच एपिसोड परत दाखवला आणि मग दुसरा. बीबीसीच्या ड्रामा विभागाचे प्रमुख होते सिडनी न्यूमन, मूळचे कॅनडाचे, आणि त्यांना खेळांचा कार्यक्रम आणि पॉप गाण्यांचा कार्यक्रम यांच्यामधली रिकामी जागा भरून काढायची होती, मुलांनी आणि मोठ्यांनी दोघांनी बघावं असं काहीतरी. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, अजून तिशीही न गाठलेली, आणि पहिला दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. म्हणजे त्या काळच्या बीबीसीत दोघंही तसे उपरेच. पैसा बेताचाच. टार्डिस, म्हणजे डॉक्टरचं कालयान, निघते तेव्हाचा तो घरघर आवाज आहे ना, तो ब्रायन हॉजसनने जुन्या पियानोच्या तारेवर घराची किल्ली घासून काढलाय. आणि थीम, रॉन ग्रेनरने कागदावर लिहिलेली, ती डीलिया डर्बीशायरने टेपचे तुकडे कापून कापून चिकटवून तयार केली, सिंथेसायझर हाताशी नसतानाच्या काळात. हे सगळं इथं सांगायचं कारण म्हणजे आज कुणी थीमच्या सुरुवातीला दोन ढोल जास्त घातले की जुना फॅन का पेटतो ते कळावं. त्याच्यासाठी ते देवघर आहे, तिथली मूर्ती कुणी हलवायची नाही.

गंमत म्हणजे मूर्ती हलवायची सवय सिरीयललाच पहिल्यापासून होती. न्यूमनची अट होती की बटाट्याएवढ्या डोळ्यांचे राक्षस अजिबात नकोत. झालं, महिनाभरात डालेक आले, धातूच्या डब्यात बसलेले परग्रहावरचे राक्षस! टेरी नेशनने लिहिले, रेमंड क्युसिकने डिझाइन केले, आणि सगळा देश त्यांच्यापायी वेडा झाला. मग १९६६ मध्ये पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना तेव्हा सिरीयल बंद करण्याऐवजी त्यांनी नायकच बदलला, तोच माणूस पण चेहरा नवा आणि स्वभावही नवा, पॅट्रिक ट्राउटन. ही युक्ती आज एवढी अंगवळणी पडलीये की तिचं काही वाटत नाही, पण तेव्हा बीबीसीने घेतलेल्या प्रेक्षकांच्या पाहणीत काही जणांनी नवा डॉक्टर म्हणजे निव्वळ विदूषक वाटतो असं म्हटलेलं आहे. आज ट्राउटन म्हणजे जुन्या फॅनचा जीव की प्राण.

१९७६ चं उदाहरण तर यापेक्षा भारी. त्या वर्षी डेडली असॅसिन नावाची कथा लागली, डॉक्टरच्या ग्रहावर घडणारी, आणि तिच्यात टाइम लॉर्ड, म्हणजे डॉक्टरचे जातभाई, देवासारखे महान वगैरे नसून राजकारण करणारी म्हातारी मंडळी आहेत असं दाखवलं. त्याच वर्षी फॅन लोकांची संघटना उभी राहिली होती आणि तिच्या अध्यक्षाने या कथेची सालटी काढली, म्हणे सिरीयलमधली सगळी जादूच गेली. पुढे हीच कथा सर्वोत्तम कथांच्या यादीत वर जाऊन बसली! तेव्हा आजची चिडचिड काही इंटरनेटने आणलेली नाही, ती झेरॉक्स आणि पोस्टाच्या तिकिटांच्या काळापासून चालू आहे.

आता खरा मुद्दा. जुन्या फॅनचं प्रेम ज्या सिरीयलवर आहे ती त्याला धड बघायलाच मिळालेली नव्हती. बीबीसीने साठच्या दशकातल्या टेप सरळ पुसून टाकल्या, टेप महाग, जागा कमी, आणि जुनं परत कोण बघणार असा हिशोब. आजही नव्वदच्या वर एपिसोड गायब आहेत. जे सापडले त्यातले बरेच परदेशी स्टेशनांना विकलेल्या फिल्मच्या प्रती, २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून एका दमात नऊ एपिसोड मिळाले ते असेच. पण प्रत्येक, अक्षरशः प्रत्येक गायब एपिसोडचा आवाज मात्र आपल्याकडे आहे, कारण घरोघरी पोरं टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर लावून श्वास रोखून बसायची. चित्र नाही, नुसता आवाज. सोबतीला कथांच्या छोट्या कादंबऱ्या, त्यातल्या साठाच्या वर एकट्या टेरन्स डिक्सने लिहिलेल्या. आता विचार करा, ज्याने पुठ्ठ्याची भिंत हललेली बघितलेलीच नाही, फक्त पुस्तकात वाचलं की अजस्र दालन होतं आणि त्यात हजारो सायबरमेन म्हणजे अर्धे यंत्र झालेले सैनिक, त्याच्या डोक्यातल्या सिरीयलचं बजेट केवढं असेल. पडद्यावरची कुठलीही सिरीज त्याच्याशी स्पर्धा करूच शकत नाही. व्हिडिओ कॅसेट आल्यावर कित्येकांना खरे सेट बघून धक्का बसला तो याच्यामुळेच, आणि तरी प्रेम आटलं नाही हेही तितकंच खरं.

लोकप्रियतेचं शिखर म्हणजे टॉम बेकर डॉक्टर होता ती वर्षं, १९७४ ते १९८१. १९७९ मध्ये सिटी ऑफ डेथ या कथेचा एक एपिसोड १ कोटी ६० लाखांहून जास्त लोकांनी बघितला, अर्थात तेव्हा समोरच्या आयटीव्ही चॅनलवर संप चालू होता हे जुने फॅन हळू आवाजात सांगतात. मग उतार. १९८५ मध्ये बीबीसी वनचे प्रमुख मायकेल ग्रेड यांनी सिरीयल दीड वर्ष लांबणीवर टाकली, पुढे तेव्हाचा डॉक्टर कॉलिन बेकर याला काढलं, आणि त्याच्यानंतरच्या सिल्व्हेस्टर मॅकॉयच्या वेळी तिला आयटीव्हीच्या तुफान चालणाऱ्या कोरोनेशन स्ट्रीट या कौटुंबिक सिरीयलसमोर नेऊन ठेवलं. कोरोनेशन स्ट्रीटसमोर! पहिलवानासमोर शाळकरी पोरगं उभं करायचं आणि मग म्हणायचं याच्यात दमच नाही. ६ डिसेंबर १९८९ ला सर्व्हायव्हल या कथेचा शेवटचा भाग लागला आणि विषय संपला. बंद केली असं धड कुणी सांगितलंच नाही, नुसतं पुढचं वर्ष आलं आणि सिरीयल आली नाही. ही न सांगण्याची पद्धत फॅनच्या फार मनात बसली. आजही बीबीसीने दोन महिने काही जाहीर केलं नाही की आमच्या पोटात गोळा येतो.

आणि इथूनच गोष्ट उलटी फिरते. सिरीयल बंद पडली म्हणून फॅन गप्प बसले नाहीत, त्यांनी ती स्वतःच चालवायला घेतली. १९९१ पासून व्हर्जिन कंपनीने नवीन कादंबऱ्या काढल्या, आणि अनोळखी लोकांचं लिखाणही मागवलं. त्यात पुढे नव्या सिरीजसाठी लिहिणाऱ्या मार्क गेटिसने लिहिलं, पॉल कॉर्नेलने लिहिलं, १९९६ मध्ये रसेल टी डेव्हिसने एक लिहिली. १९९९ मध्ये बिग फिनिश कंपनीने जुन्या डॉक्टरांना घेऊन ऑडिओ नाटकं सुरू केली, त्याच वर्षी स्टीव्हन मॉफॅटने, जो पुढे नव्या सिरीजचा प्रमुख झाला, चॅरिटी कार्यक्रमासाठी एक विडंबन लिहिलं. डेव्हिड टेनंट नावाचा एक स्कॉटिश नट, लहानपणापासूनचा फॅन, ऑडिओ नाटकांत छोटी मोठी कामं करत होता. (पुढे तो डॉक्टर झाला आणि पाचव्या डॉक्टरच्या म्हणजे पीटर डेव्हिसनच्या मुलीशी लग्न केलं, जिने मालिकेत त्याच्याच मुलीचं काम केलं होतं. हे नातं समजावून सांगायला वेगळा लेख लागेल.) मधे १९९६ चा टीव्ही सिनेमा येऊन गेला, व्हँकुव्हरला शूट झालेला, पॉल मॅगन डॉक्टर. ब्रिटनमध्ये ९० लाखांवर लोकांनी बघितला, अमेरिकेत आपटला, पुढे काही झालं नाही. फॅन लोकांनी मॅगनला डोक्यावर घेतलं आणि डॉक्टर अर्धा माणूस आहे हे वाक्य आणि डॉक्टरचं ते चुंबन यावरून दहा वर्षं भांडण केलं.

सप्टेंबर २००३ मध्ये बातमी आली की सिरीयल परत येतेय, लिहिणार रसेल टी डेव्हिस, बनवणार बीबीसी वेल्स, कार्डिफमध्ये. २६ मार्च २००५, रोझ नावाचा एपिसोड, ख्रिस्तोफर एकल्स्टन डॉक्टर आणि बिली पायपर त्याची साथीदार रोझ. सोळा वर्षांची वाट, आणि सुरुवातीलाच दुसऱ्या कार्यक्रमातला ग्रॅहम नॉर्टनचा आवाज चुकून मधे घुसला, बीबीसीनेच घातलेला घोळ. तरी एक कोटीच्या वर लोकांनी बघितला.

जुन्या फॅनची त्या रात्रीची अवस्था सांगतो. पंचवीस मिनिटांचे चार भाग आणि प्रत्येकाच्या शेवटी जीव टांगणीला, अशी सवय असलेल्याला पंचेचाळीस मिनिटांत सगळं आटोपलेलं बघून दम लागला. नायिकेची आई आहे, बॉयफ्रेंड आहे, फ्लॅट आहे, हे आपल्या सिरीयलमध्ये कधी असायचं? आणि मग तो कचऱ्याचा डबा. रोझचा मित्र मिकी प्लॅस्टिकच्या डब्याला हात लावतो, हात चिकटतो, प्लॅस्टिक च्युइंगमसारखं ताणलं जातं, डबा त्याला गिळतो आणि गिळून झाल्यावर ढेकर देतो. ढेकर! यासाठी सोळा वर्षं थांबलो का असं म्हणणाऱ्यांची ती रात्र मोठी गेली. पुढे पादणारे स्लिथीन नावाचे परग्रहवासी आले तेव्हा तर विचारूच नका. आणि रोझ लागल्यावर चारच दिवसांनी कळलं की एकल्स्टन एका सीझननंतर सोडतोय.

पण ३० एप्रिलला डालेक नावाचा एपिसोड लागला. लिहिणारा रॉब शिअरमन, त्याच्याच जुन्या ऑडिओ नाटकावरून. या एपिसोडमध्ये जुन्या फॅनच्या मनातलं काय काय ओळखलं होतं बघा. चाळीस वर्षं लोक डालेकच्या त्या संडास साफ करायच्या रबरी पंपावरून हसले, इथं त्याच पंपाने तो एकाचा जीव घेतो. चाळीस वर्षं लोक म्हणाले जिना चढून जा, डालेक वर येऊ शकत नाही. इथंही पात्रं जिना चढतात, वर उभं राहून त्याची चेष्टा करतात, आणि तो थंडपणे जमिनीवरून उचलला जातो आणि वर यायला लागतो. आता १९८८ मध्ये एक डालेक जिना चढलाच होता हे आम्ही लगेच सगळ्यांना ऐकवलं, ते ऐकवल्याशिवाय आम्हाला जेवण जात नाही, पण खरं सांगायचं तर अंगावर काटा आला होता.

पुढच्या वर्षी स्कूल रियुनियन हा एपिसोड. १९७६ मध्ये डॉक्टर आपली साथीदार सॅरा जेन हिला घरी सोडून गेला होता, परत येईन न येईन काही नक्की नाही, आणि तीस वर्षांनी एलिझाबेथ स्लेडन त्याच भूमिकेत परत. रात्रीच्या वेळी शाळेत ती एक दार उघडते, आत टार्डिस उभी, ती मागे सरकत बाहेर येते, वळते, समोर टेनंट, म्हणजे नवा डॉक्टर. चेहरा वेगळाच, पण तिला कळलेलं असतं. मग ती विचारते की तू परत का नाही आलास. आता हे विचारतंय कोण? माझ्या मते तो सीन म्हणजे सोळा वर्षं ताटकळत ठेवलेल्या फॅनने बीबीसीला टाकलेला जाब आहे, आणि तो फॅननेच लिहून फॅननेच शूट केलेल्या सिरीजमध्ये आहे. टेनंटच्या चेहऱ्यावरचा आनंद मला तरी अभिनय वाटत नाही.

हेच मला सांगायचंय. नव्या सिरीजवर जुन्या फॅनची प्रतिक्रिया काय असं विचारतात, पण नवी सिरीज हीच जुन्या फॅनची प्रतिक्रिया आहे. टाइम वॉर नावाचं युद्ध घडवून गॅलिफ्रे, म्हणजे डॉक्टरचा ग्रह, नष्ट करणं ही डेव्हिसची जुन्या भाराभर इतिहासावरची टिप्पणी. २०१३ च्या पन्नासाव्या वाढदिवसाला मॉफॅटने तेच गॅलिफ्रे वाचवणं हे डेव्हिसला दिलेलं उत्तर. त्याच स्पेशलमध्ये शेवटी टॉम बेकर येऊन उभा राहतो, नव्वदच्या वर देशांत एकाच वेळी प्रक्षेपण चालू आणि अर्धी जनता रडतेय. पुढचा डॉक्टर पीटर कपाल्डी, तो तर शाळेत असताना रेडिओ टाइम्स या बीबीसीच्या साप्ताहिकाला पत्रं पाठवायचा, १९७४ मध्ये एक छापूनही आलंय.

आणि सगळ्यात खमंग किस्सा क्रिस चिब्नलचा. १९८६ मध्ये बीबीसीच्याच दिवसा लागणाऱ्या एका कार्यक्रमात काही तरुण फॅन बोलावले होते, त्यात हा पोरगेला चिब्नल, आणि समोर त्या सीझनच्या लेखकांपैकी पिप आणि जेन बेकर. याने तोंडावर सांगितलं की कथा जुन्याच साच्यातली आहे, लोक नुसते कॉरिडॉरमधून पळतायत. २०१८ मध्ये हाच माणूस सिरीजचा प्रमुख झाला, जोडी व्हिटेकरच्या रूपाने पहिल्यांदा बाई डॉक्टर आणली, आणि २०२० मध्ये टाइमलेस चाइल्ड ही भानगड काढून हार्टनेलच्या आधीही डॉक्टर होते असं ठरवून टाकलं. मग १९८६ मध्ये तो जे बोलला त्याच्या दसपट त्याला ऐकून घ्यावं लागलं. मला स्वतःला बाई डॉक्टरचं काहीच वावगं वाटलं नाही, व्हिटेकर चांगली होती, कथा मिळाल्या नाहीत. टाइमलेस चाइल्ड मात्र अजून घशाखाली उतरत नाही, हार्टनेल पहिला म्हणजे पहिला. आता हे वाक्य १९७६ च्या त्या अध्यक्षासारखं वाटतंय का? वाटू दे.

डेव्हिस २०२३ मध्ये परत आला, डिस्नेचे पैसे घेऊन, डॉक्टर म्हणून शूटी गाट्वाला घेऊन. दोन सीझन झाले, मे २०२५ च्या अखेरीस गाट्वा गेला आणि त्याच्या जागी पडद्यावर चेहरा आला बिली पायपरचा, म्हणजे २००५ च्या रोझचाच. ती डॉक्टर आहे का आणखी कोण हे तेव्हा सांगितलंच नाही. ऑक्टोबरमध्ये डिस्ने बाहेर पडली, बीबीसी म्हणाली सिरीज चालू राहील, २०२६ च्या ख्रिसमसला डेव्हिसचा स्पेशल येईल. ज्यांनी २००५ मध्ये पोरवयात ढेकर देणाऱ्या डब्यावर टाळ्या वाजवल्या ते आता तिशीत पोचलेत, आणि ते म्हणतायत की पायपरला परत आणणं म्हणजे निव्वळ जुन्या आठवणींवर धंदा, आमच्या वेळी बघा कशा कथा असायच्या.