पेरियारमधील निसर्गपर्यटन

केरळमधील पेरियार व्याघ्र प्रकल्पात, थेक्कडीच्या परिसरात, १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून उभी राहिलेली लोकसहभागी पर्यटनव्यवस्था. जंगलावर पोट असलेल्यांनाच जंगलाचे राखणदार आणि वाटाडे करणे, हा तिचा गाभा.

पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील हे क्षेत्र ९२५ चौ. किमी. आहे. उष्णकटिबंधीय सदाहरित आणि निमसदाहरित अरण्य, डोंगरमाथ्यावर गवताळ माळ, आणि मध्ये १८९५ मध्ये पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणाचा जलाशय. १९५० मध्ये येथे अभयारण्य झाले, १९७८ मध्ये व्याघ्र प्रकल्प. पर्यटक पूर्वीही येत. बोटीत बसून काठावरचे हत्ती पाहत आणि परत जात. मन्नान आणि पलियन आदिवासींच्या वाट्याला त्यातून फारसे काही येत नसे.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९६ ते २००४ या काळात देशातील सात संरक्षित क्षेत्रांत परिसर-विकास प्रकल्प, म्हणजे जंगलाभोवतीच्या लोकांना पर्यायी उपजीविका देऊन जंगलावरचा भार कमी करण्याचा प्रकल्प, राबवला गेला. पेरियार त्यांपैकी एक. वस्त्यांवस्त्यांतून परिसर-विकास समित्या स्थापन झाल्या. त्यांतील सर्वांत बोलकी समिती ‘वयना’वाल्यांची. वयना म्हणजे रानदालचिनी. तिची साल चोरून सोलणारे, त्या ओघात चंदनाची आणि शिकारीच्या मालाची चोरटी वाहतूक करणारे काही लोक १९९८ मध्ये वनखात्याला शरण आले. त्यांच्या हाती खात्याने वाटाड्याचे काम दिले. जंगलातील प्रत्येक चोरवाट त्यांच्या पायाखालची होती. ज्या वाटांनी साल खाली उतरायची, त्याच वाटांनी ते आता पर्यटकांना पायी नेऊ लागले आणि जाता जाता गस्तही घालू लागले. मोजके पर्यटक, सोबत वाटाडे आणि बंदूकधारी वनरक्षक, रात्रीचा मुक्काम तंबूत, असे या भटकंतीचे स्वरूप. बांबूच्या तराफ्यावरील फेरी आणि रात्रीची गस्त हे उपक्रमही समित्यांमार्फत चालतात. ‘वसंत सेना’ या गटातील स्त्रिया तर मोबदला न घेता पाळीपाळीने जंगलात गस्त घालतात. पेरियारची ही बाजू पर्यटनाच्या जाहिरातींत क्वचित दिसते. ती आधी सांगायला हवी.

परदेशी साहाय्य संपले की असे प्रयोग सहसा विझतात. पेरियारने त्यावर २००४ मध्ये उपाय काढला, तो पेरियार फाउंडेशनचा. पर्यटकांकडून घेतला जाणारा अधिभार या विश्वस्त संस्थेकडे येतो आणि संवर्धनावर व समित्यांच्या कामावर खर्च होतो. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी असे प्रतिष्ठान नेमून दिले. महाराष्ट्रातील ताडोबा-अंधारीचे प्रतिष्ठानही याच तरतुदीखालचे.

हितसंबंधांचा गुंता मात्र सुटलेला नाही. जलाशय केरळात असला तरी पाणी तामिळनाडूकडे जाते आणि धरणाचा वाद दोन्ही राज्यांत धगधगत असतो. शबरीमला याच प्रकल्पाच्या हद्दीत येते. मंडल-मकरविळक्कूच्या, म्हणजे तेथील वार्षिक यात्रेच्या, दिवसांत लाखो भाविक या अरण्यातून जातात. प्रकल्पाच्या वेशीवरील कुमळी गावातील हॉटेले आणि मसाल्यांची दुकाने समित्यांच्या कक्षेबाहेर आहेत, पण त्यांचा धंदा याच जंगलाच्या जिवावर चालतो. बोटींवरील गर्दीचा प्रश्न तर जिवावर बेतला: ३० सप्टेंबर २००९ रोजी दुमजली पर्यटक बोट उलटून ४५ जण बुडाले. पायी भटकंतीत माणसे मोजून नेली जातात. पाण्यावर तशी शिस्त राहिली नव्हती.