सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक, समीकरण लिहा बघू

एका कॉलेजात दर सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक आहे. विद्यार्थ्यांची संख्या व, प्राध्यापकांची प, तर समीकरण काय होईल? बरेच जण पटकन ६व = प लिहून मोकळे होतात. आता प्राध्यापक १० धरा, विद्यार्थी ६० यायला हवेत, पण या समीकरणात ते दोनसुद्धा भरत नाहीत! बरोबर समीकरण व = ६प. अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हाच प्रश्न दिला होता, १९८१ साली ते संशोधन छापून आलं, तर ३७ टक्के मुलं चुकली. इंजिनिअरिंगची मुलं बरं का, म्हणजे समीकरणं सोडवण्यात पक्की असणारी.

गडबड अशी की मुलं अक्षराला संख्या न समजता वस्तूचं नाव समजतात, आणि खरं सांगायचं तर तसं आपणच शिकवलेलं असतं. ३प + २प म्हणजे तीन पेन आणि दोन पेन, झाले पाच पेन, सोप्पं! त्या दिवशी उत्तर बरोबर येतं आणि सगळे खूश, पण पुढे प × प आलं की पेन गुणिले पेन म्हणजे काय हो?

बरोबरच्या चिन्हाचंही तेच. ८ + ४ = __ + ५ हे लहान मुलांना दिलं की रिकाम्या जागी १२ नाहीतर १७ येतात, ७ लिहिणारे कमीच, कारण त्यांच्या लेखी = म्हणजे 'आता उत्तर लिहा'. हीच समजूत घेऊन मूल हायस्कूलला येतं आणि ३क्ष + ५ = क्ष + ११ बघून गडबडतं, उत्तराच्या जागी परत क्ष कुठून आला?

हे सगळं वर्गात कळत का नाही? कारण 'समजलं का?' विचारलं की सगळे 'हो' म्हणतात. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांच्या रेकॉर्डिंग ऐकल्या तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. मला वाटतं गणितात तर याहून जास्त थांबायला हवं, आणि नुसतं उत्तर नाही, 'असं का केलंस' हे विचारायला हवं, उत्तर बरोबर असलं तरी!

आता अभ्यासक्रम. तो बदलतो म्हणजे बहुतेक वेळा धडे इकडचे तिकडे होतात, पण स्वाध्याय तसेच, पायथागोरसच्या धड्याखाली सगळी पायथागोरसचीच गणितं, म्हणजे कुठली रीत लावायची हे मुलाला ठरवावंच लागत नाही. २००७ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात कॉलेजच्या मुलांना चार प्रकारच्या घनाकृतींचं घनफळ काढायला दिलं होतं. एकेका प्रकारची गणितं सलग सोडवणाऱ्यांचा सरावातला स्कोअर ८९ टक्के, सरमिसळ करून सोडवणाऱ्यांचा ६०. आठवड्याने टेस्ट घेतली तर सलगवाले २० टक्क्यांवर आणि सरमिसळवाले ६३ वर!

यासाठी नवीन पुस्तक लागत नाही, आहेत तीच गणितं वेगळ्या क्रमाने द्यायची, नवीन रीत असेल तर पहिली दोन-चार सलग आणि मग मागच्या धड्यांतली मिसळायची. अडचण एवढीच की त्या दिवशी वहीत चुका जास्त दिसतात, पालक विचारतात काय चाललंय, आणि शिक्षक परत सलग स्वाध्यायावर येतात.