ईजिप्शियन मंदिरांतील उत्थित शिल्पे

प्राचीन ईजिप्तमधील मंदिरांच्या भिंती, स्तंभ व प्रवेशमनोरे यांवर फेअरो (राजा) आणि देवदेवता यांच्या आकृती कोरण्याची प्रथा. उपलब्ध नमुने मुख्यत्वे नव्या राज्यातील (सु. १५५०–१०७० इ. स. पू.) आणि टॉलेमी-रोमन काळातील (ग्रीक वंशाचे टॉलेमी राजे व त्यांच्यानंतरचे रोमन सम्राट यांच्या अंमलातील) आहेत. जुन्या राज्यातील देवमंदिरांचे अवशेष तुरळक असल्याने त्या काळाची माहिती प्रामुख्याने पिरॅमिडांलगतच्या मंदिरांवरून मिळते.

कोरीव कामाचे दोन प्रकार आढळतात. उठावाच्या प्रकारात आकृतीभोवतीचा दगड तासून काढतात. खोदीव प्रकारात भिंतीचा पृष्ठभाग तसाच ठेवून आकृतीची बाह्यरेषा खोल खोदतात व तिच्या आत आकृती घडवतात; त्यामुळे आकृती भिंतीच्या पातळीबाहेर येत नाही. अंधाऱ्या अंतर्दालनांत सामान्यतः उठावाचे, तर बाहेरच्या भिंतींवर खोदीव काम असते. प्रखर उन्हात खोल रेषांत सावली भरते व आकृती लांबूनही स्पष्ट दिसते. खोदीव कामाला श्रमही कमी लागत. मात्र हा संकेत सर्वत्र पाळलेला नाही. नव्या राज्यातील फेअरो दुसरा रॅमसीझ याच्या कारकिर्दीत खोदीव काम आतल्या भिंतींवरही सर्रास दिसते.

दुसरा रॅमसीझ व त्याचा पिता पहिला सेती यांनी काही काळ एकाच वेळी राज्य केले का, हा कालनिर्णयाचा जुना वाद याच बदलावर उभा आहे. कार्नाक (लक्सॉरजवळ) येथील मंदिराच्या १३४ स्तंभांच्या सभामंडपाचा उत्तर भाग पहिल्या सेतीने उठावाच्या शिल्पांनी सजविला. दक्षिण भाग त्याचा पुत्र दुसरा रॅमसीझ याचा असून तो खोदीव आहे. तथापि दक्षिण भागातही रॅमसीझची सर्वांत आधीची शिल्पे उठावाची होती व ती पुढे खोदीव करण्यात आली, हे दगडावरील खुणांवरून दिसते. त्या आरंभीच्या कामात राजनाम ‘उसरमाअतरे’ एवढेच येते; ‘सेतेपेनरे’ हे पद नंतर कायमचे जोडले गेले. उठावाचे काम व आखूड नाव एकत्र आढळते ते पितापुत्रांच्या संयुक्त राज्याचे, असे ईजिप्तविद्येचा अभ्यासक कीथ सील याने १९४० मध्ये प्रतिपादिले. अबायडॉस येथील रॅमसीझच्या लेखात पित्याने आपल्या हयातीतच आपल्याला मुकुट घातल्याचे वर्णन आहे, त्याचाही आधार घेतला जाई. विल्यम मर्नेन याने १९७५ मध्ये हा काळ बराच आखूड मानला. पीटर ब्रँड याने २००० मध्ये संयुक्त राज्याची कल्पनाच अमान्य केली. सेतीच्या हयातीत रॅमसीझ केवळ युवराज होता आणि आखूड नाव त्याच्या स्वतंत्र राज्याच्या अगदी प्रारंभीचे आहे, असे त्याचे म्हणणे. अबायडॉसचा लेख सेतीच्या मृत्यूनंतरचा व उघडच प्रशस्तिपर असल्याने हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

आकृत्या आखण्यासाठी भिंतीवर तांबड्या रेषांची चौकट पाडत. उभ्या आकृतीची तळपायापासून कपाळावरील केशरेषेपर्यंतची उंची १८ चौकोन असे. पंचविसाव्या-सव्विसाव्या राजवंशांच्या सुमारास वरच्या पापणीपर्यंत २१ चौकोनांची पद्धत आली. एरिक इव्हर्सन याने तिचा संबंध मोजमापातील सुधारणेशी जोडला; गे रॉबिन्स हिने मात्र हा संबंध नाकारला असून तिच्या मताला आज अधिक मान्यता आहे. चुका गिलाव्याने बुजवीत व शेवटी रंग भरीत. गिलावा गळून पडला, की जुनी व नवी रेषा शेजारी शेजारी उघडी पडते. कार्नाकच्या उत्तर भिंतीवरील सेतीच्या युद्धदृश्यांत युवराज रॅमसीझची आकृती अशीच आधीच्या एका आकृतीवर चढविलेली आहे. मूळ आकृती थोरल्या राजपुत्राची असावी, असा ईजिप्तविद्येचा अभ्यासक जेम्स ब्रेस्टेड याचा तर्क होता. ती मेही नावाच्या अधिकाऱ्याची असल्याचे आता मानतात.

विषय ठरावीक आहेत. राजा देवाला नैवेद्य, मद्य, धूप किंवा तळहातावर बसलेली माअत या सत्य व सुव्यवस्थेच्या देवीची चिमुकली मूर्ती अर्पण करतो आणि देव त्याला जीवनचिन्ह देतो. देवाचे तोंड गाभाऱ्याकडून बाहेर, तर राजाचे गाभाऱ्याच्या दिशेने असते. दोघे बहुधा एकाच उंचीचे, शत्रू मात्र खुजे. शत्रूंचे केस धरून गदा उगारलेला राजा हे आद्य राजा नार्मर याच्या दगडी पाटीवरील (सु. ३१०० इ. स. पू.) दृश्य तीन हजार वर्षांनी एद्फू येथील मंदिराच्या प्रवेशमनोऱ्यावर बाराव्या टॉलेमीच्या नावे पुन्हा येते.

आतेन या सूर्यदेवाचीच उपासना पुरस्कारणाऱ्या आखेनातन राजाच्या काळात आमोन या प्रमुख देवाच्या आकृती छिनून टाकण्यात आल्या. त्यांतील अनेक पुढे सेतीने पुन्हा कोरविल्या. हॅटशेपसूट या स्त्री-फेअरोच्या प्रतिमांचा विध्वंस तिचा सावत्र पुत्र व वारस तिसरा थटमोज याने सत्तेवर येताच सूडापोटी केला, हे मत चार्ल्स निम्स याने १९६६ मध्ये खोडून काढले. तो विध्वंस त्याच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धातील आहे.

देंदेरा येथील मंदिराच्या मागील भिंतीवर क्लीओपात्रा व तिचा पुत्र सीझेरियन आहेत. तेथील अनेक राजनामवलये (राजाचे नाव कोरण्यासाठीच्या लांबट चौकटी) रिकामीच राहिली. एस्ना येथे डीशियस (कार. २४९–२५१) हा रोमन सम्राट फेअरोच्या वेशात आढळतो. १९२४ पासून शिकागो विद्यापीठाचे लक्सॉर येथील पथक छायाचित्रावर रेखाटन करून ते भिंतीशी पुनःपुन्हा ताडून पाहण्याच्या पद्धतीने या शिल्पांची नोंद करीत आहे.